मींजाचं झाड

किलिमांजारोवर अनाएली मींजाच्या नावाचं झाड आहे, असं सगळं मरांगू गाव मानत होतं. ते झाड डोंगरावर कुठंच नाही, हे त्याच्या मुलीला कळलं, आणि तिनं ते घरी बोलून दाखवलं तेव्हापासून घरात तिच्याशी धड कुणी बोलेना.

मुलगी म्हणजे डॉक्टर आइसिया मींजा, डोंगराखालच्या मोशी शहरातल्या एका संस्थेच्या वनस्पतिसंग्रहाची प्रमुख. लग्नाचं विचारलं की समोरच्याचं तोंड बंद करणारी, आणि बाकी वेळ झेंडू-शेवंतीच्या कुळात डोकं खुपसून बसलेली. या कुळाचं डोंगरावर काहीतरी बिनसतं. खाली बागेत झेंडू गुडघ्याला लागतो. वर, जिथं रोज रात्री ओढ्याचं पाणी गोठतं, तिथं त्याच कुळातला सेनेसियो दोन-तीन माणसांएवढा उंच उभा असतो. डोक्यावर कोबीसारखा पानांचा गड्डा, आणि वाळलेली पानं खाली न टाकता खोडाभोवती घोंगडीसारखी गुंडाळलेली. फुलण्याच्या बाबतीत मात्र महा लहरी. वर्षानुवर्षं फुलणार नाही, आणि फुललं की एकाच हंगामात सगळा उतार पिवळा करून टाकेल.

एवढं धूड कागदावर मावत नाही. म्हणून नमुना घेणारा एक पान कापतो, फुलांच्या दांड्याचा एक तुकडा कापतो, दोन्ही दाबून वाळवतो आणि एका जाड कागदावर शेजारी शेजारी चिकटवतो. बघणाऱ्यानं धरून चालायचं की दोन्ही एकाच झाडाची. नव्या जातीचं नाव अशा एका कागदावर उभं असतं. त्याला मूळ नमुना म्हणतात. तो खोटा निघाला तर नावही खोटं, मग ते कुणाचं का असेना.

आइसियानं आपल्या बापाच्या नावाच्या जातीचा मूळ नमुना काही संशयानं उघडला नव्हता. तिला सगळ्या डोंगरांवरच्या सेनेसियोंची वंशावळ मांडायची होती: किलिमांजारो, मेरू, केनिया, एल्गन, पार रुवेन्झोरीपर्यंत. कोण कुणाचा भाऊ, कोण नुसता सारखा दिसणारा परका. तिचं म्हणणं असं होतं की दिसण्यावर जाऊच नये. दोन डोंगरांच्या माथ्यांवरची झाडं जुळ्यासारखी दिसतात, पण रक्ताचं नातं त्यांचं एकमेकांशी नसतं, आपापल्या डोंगरावर खाली राहणाऱ्या झाडाशी असतं. थंडीनं प्रत्येक डोंगरावर तेच रूप नव्यानं घडवलंय. या म्हणण्याच्या आड एकच झाड येत होतं, मींजाचं. त्याची पानं माथ्यावरच्या जातीसारखी, जाड, खालून पांढरी लोकरी. आणि फुलं खालच्या जातीची. दोघांच्या मधलं, सगळ्यांचा आजा. अनाएली ज्यांच्यासाठी डोंगरावरून नमुने आणायचा आणि ज्यांनी या झाडाला त्याचं नाव दिलं त्या प्रोफेसर एलियाकिम उरासांची अख्खी कारकीर्द या आजोबांच्या मांडीवर बसली होती.

तिनं पानाचा चिमूटभर तुकडा घेतला आणि फुलाचा चिमूटभर घेतला. दोन्हींचा डीएनए तपासला. पान सरळ जाऊन माथ्यावरच्या जातीत बसलं. फूल सरळ खालच्या जातीत. तिनं तपासणी पुन्हा केली. उत्तर तेच आलं. कागदावर एक झाड नव्हतं, दोन झाडांचे तुकडे होते, आणि दोन्ही जुन्या, माहितीच्या जातींचे.

रविवारी चर्चहून आल्यावर तिनं जेवताना हे सांगितलं. तिचा धाकटा भाऊ गॉडलिसन हाडूक चोखत होता, तो थांबला. त्याचं डोंगरवाटेवर लॉज होतं, नाव ‘मींजा ट्री’, आणि दर्शनी भिंतीवर बापाचा चेहरा आणि ते झाड रंगवून घेतलेलं होतं.

"म्हणजे बाबांनी चूक केली म्हणतेस?"

"पान एका झाडाचं, फूल दुसऱ्याचं. एवढंच म्हणते."

"म्हणजे तेच की! पान वरून तोडलं, फूल विसरले, मग उतरताना दिसलं ते खुडलं. जगाला सांगणार हे? आमचे बाबा भोंगळ होते म्हणून?"

"मी असं लिहिणार नाही."

"वाचणारे काय लिहिलेलंच वाचतात का? माझ्या भिंतीवर काय रंगवू मग, कोबी?"

आइसियालाही मनातून तेच वाटत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. अनाएलीच्या विसराळूपणाच्या गोष्टी या घरात मुलांना घासाबरोबर भरवल्या होत्या. चष्मा विसरायचा, चर्चमध्ये टोपी विसरायचा. मेलाही त्यातच. डोंगरावरून परत आला, आणि दुसऱ्याच दिवशी "वर काहीतरी राहिलंय" म्हणत भर गारांत पुन्हा चढला. होरोंबोच्या मुक्कामाच्या वर, ओढ्यापाशी तो गारठून मेलेला सापडला. आइसिया तेव्हा चार वर्षांची होती.

आई इतका वेळ तिच्या ताटात केळ्यांचा रस्सा वाढत होती. तिनं पळी भांड्यात ठेवली.

"तुझ्या बापाला कबर आहे. कबरीवर दगड आहे. दगडावर त्या झाडाचं नाव कोरलंय. माणूस गेला तेव्हा त्याच्या भावकीनं उरासांकडे भरपाईची गुरं मागायची ठरवली होती, तुमच्या कामात माणूस गेला म्हणून. तेवढ्यात हे नाव आलं. सगळे म्हणाले, झालं, एवढा मान कुठल्या मींजाला मिळालाय. मी त्या नावावर दोन पोरं वाढवली. ते तू पुसणार?"

"आई, ते खोटं आहे."

"असू दे. तुझा लेख छापून आला तर या दारात पाय ठेवू नकोस. मी मेले तरी येऊ नकोस."

ती तोंडदेखलं बोलणारी बाई नव्हती. मोठ्या जावेनं एकदा अनाएलीच्या विसराळूपणावरून चारचौघांत थट्टा केली, तर ती जाऊ मरेपर्यंत आईनं तिच्याशी अबोला धरला होता. नवऱ्याला नावं ठेवायचा हक्क फक्त आपला, असा तिचा हिशेब. आइसियाला हे पुरतं माहीत होतं. लेख छापला तर आई गेली, नाही छापला तर आयुष्यभर त्या खोट्या आजोबाला वंशावळीत मानाच्या जागी बसवून ठेवायचं.

कुणाची जात बुडवायची तर त्याला आधी सांगावं, अशी या धंद्यात रीत आहे. म्हणून ती उरासांच्या बंगल्यावर गेली. प्रोफेसर ऐंशीच्या पुढे गेले होते, पण सुटाची घडी मोडलेली नव्हती आणि जीभही. आइसियाला त्यांनी एकदा नापास केलं होतं, मुली डोंगरावर टिकत नाहीत असा शेरा मारून.

"बस. कॉफी घेणार? नको ना? वाचली."

तिनं निकाल पुढे ठेवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि न वाचताच कागद परत सरकवला.

"यंत्रं चुकतात."

"दोनदा केलंय, सर."

"मग दोनदा चुकलं."

"फुलाचा आणि पानाचा संबंध नाही. नमुना कुणी चिकटवला?"

"गोळा तुझ्या बापानं केला. कागदावर नाव त्याचंच आहे, वाचता येत असेल तर वाच." ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघ पोरी, अनाएली चांगला माणूस होता, पण त्याला नीट गोळा करता येत नव्हतं. मी इतकी वर्षं झाकून ठेवलं. तुला ते चव्हाट्यावर आणायचंय, आण. मी त्याला झाड दिलं. तू काय देणार, कचऱ्याची टोपली?"

"झाडावर खुर्ची तुमची होती, सर. बाबांचं नुसतं नाव होतं."

"चालती हो."

"लेख पुढच्या महिन्यात पाठवतेय."

"आईला विचारलंस का?" उरासा हसले. "मी तुझ्या जागी असतो तर बापाला वाचवलं असतं."

त्या हसण्यानं तिचं डोकं फिरलं. बाहेर येऊन तिनं गाडीला लाथ मारली आणि पायाचा अंगठा सुजवून घेतला. म्हातारा तिच्या बापाला ढाल करून उभा होता, आणि ती ढाल फोडायची म्हणजे बापावरच घाव घालायचा.

उरासा मात्र नुसतं हसून थांबणाऱ्यांतले नव्हते. शास्त्रात हरणार हे दिसल्यावर त्यांनी रीतीचा आधार घेतला. पुढच्या रविवारी दुपारी ते मींजांच्या केळीच्या बागेतून वर चढत आले. पुढे किलेओ आजोबा, गावातले सगळ्यांत वडीलधारे, आणि मागे उरासा, दोन्ही हातांत गाठ मारलेलं इसालेचं पान धरून.

इसाले म्हणजे प्रत्येकाच्या कुंपणाला असतात ती झुडपं. पण गाठ मारलेलं पान घेऊन कुणी दारात आलं, आणि आपली चूक सांगून माफी मागितली, तर नाही म्हणायचं नसतं. इथला चाग्गा जमातीचा माणूस बापाच्या खुन्यालाही त्या पानापुढे नाही म्हणत नाही. आणि एकदा पान घेतलं की त्या घरातल्या कुणीही तो विषय पुन्हा काढायचा नाही. आइसियानं पान बघितलं आणि म्हाताऱ्याचा डाव तिच्या लक्षात आला. ते तिच्यासाठी नव्हतंच. ते तिच्या आईसाठी होतं.

गॉडलिसननं पळापळ करून खुर्च्या मांडल्या, केळ्यांची बिअर भोपळ्यात भरून आणली. कुंपणापलीकडे शेजारच्या बायका काही ना काही काम काढून उभ्या राहिल्या. आई शाल गुंडाळून ओट्यावर बसली.

"चूक सांग, उरासा," किलेओ आजोबा म्हणाले. "नुसतं पान चालत नाही."

उरासांनी घसा साफ केला. "आइसियाची आई, अनाएली गेला तेव्हा त्याच्या पानं दाबायच्या चौकटीत नुसती पानंच होती. फूल नव्हतं. फुलाशिवाय नाव देता येत नाही. तू इथं अंगणात रडत होतीस, ही पोरगी तुझ्या पदराशी. मला बघवलं नाही. मी खालच्या एका झाडाचं फूल आणून त्या पानाशेजारी लावलं. त्याचं नाव राहावं म्हणून. प्रेमापोटी केलं, पण शास्त्रात ती चूक आहे. तेवढी पदरात घे."

गॉडलिसनच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ! प्रेमापोटी!"

"प्रेमापोटी?" आइसिया ओरडली. "परवा तर बाबांना गोळा करता येत नाही म्हणत होता! स्वतः लावलंत आणि मेलेल्या माणसावर ढकललंत?"

"पान समोर असताना आवाज चढवायचा नाही," किलेओ आजोबांनी काठी आपटली.

"चढवते! हाकलून द्या मला!"

"आइसिया, गप्प," आई म्हणाली.

आइसियाला वाटलं, संपलं. आईनं शालीतून हात बाहेर काढलाच होता. ती उरासांच्या हातातल्या पानाकडे बघत होती, आणि तिचा हात अर्ध्यावर थांबला.

"चौकटीत नुसती पानं होती म्हणता," ती सावकाश म्हणाली. "ती पानं त्यांनी पहिल्याच फेरीत आणली होती. याच ओट्यावर उन्हात ठेवली होती, मी माशा हाकलत बसले होते. सकाळी ती तुम्हाला दाखवायला मोशीला गेले. दुपारी आले आणि न जेवता वर निघाले. मी विचारलं, काय विसरलात? तर म्हणाले, राहिलंय काहीतरी."

उरासांनी किलेओ आजोबांकडे बघितलं.

"त्या सकाळी तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"ती जुनी गोष्ट आहे."

"मला जुनीच विचारायचीय."

"मी म्हटलं, फुलाशिवाय जात होत नाही. ते त्यालाही माहीत होतं. नियतकालिकाचा अंक छपाईला जाणार होता, परदेशातले लोक थांबत नाहीत कुणासाठी. मी जा म्हटलं नाही. मी म्हटलं, फूल हवं."

"गारा पडत होत्या."

"डोंगरावर गारा पडतातच."

"सर, त्या हंगामात वर फुललं होतं का?" आइसियानं विचारलं. तिचा आवाज एकदम उतरला होता, आणि तिचं तिलाच भय वाटलं.

उरासा तिच्यावर उसळले. एवढे सगळे ऐकतायत हे त्या क्षणी ते विसरले. "तोही हेच म्हणत होता! वर एकही झाड फुललेलं नाही, म्हणे. मला वाटलं, आळस करतोय! पुन्हा चढायचा कंटाळा! तुम्ही मींजा लोक सगळे..."

पुढचं त्यांनी गिळलं. कुंपणापलीकडे कुणीतरी हळूच तोंडावर हात ठेवला. किलेओ आजोबांनी हातातला बिअरचा भोपळा ओठाला न लावता जमिनीवर ठेवला.

आईनं ओट्यावर जिथं ती पानं वाळत होती तिकडे बघितलं.

"मी त्यांना विसराळू म्हणत आले," ती म्हणाली. "पोरांना तसंच सांगितलं. कबरीत उतरवतानासुद्धा मी रागावले होते त्यांच्यावर. विसरून मेलात म्हणून." मग तिनं हात पुन्हा शालीत घेतला. "प्रोफेसर, हे पान फुलाचं आहे. फुलानं माझं काही बिघडलं नव्हतं. त्याची माफी मागायची तर हिच्याकडे मागा, हिच्या शास्त्राची चूक आहे. माझ्याकडे यायचं तर माणसाचं पान घेऊन या."

"आइसियाची आई, पान परत पाठवत नसतात," गॉडलिसनच्या मागून कुणीतरी म्हातारी बोलली.

"मी परत पाठवत नाहीये. चुकीच्या दारात आलंय ते."

किलेओ आजोबा काठीवर जोर देऊन उठले. "उरासा, ती बरोबर बोलतेय. दुसरं पान तोड. मी तुझ्याबरोबर पुन्हा येईन. पण काय केलंस ते तुला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल."

"मी त्याला मारलं नाही."

"मग उठा," आई म्हणाली.

उरासांनी पान आइसियापुढे केलं. त्यांच्या डोळ्यांत माफी नव्हती, नुसता हुकूम होता. घे म्हणजे घे. आइसियानं दोन्ही हात मागे बांधले. तिला त्या क्षणी त्यांची कीव यायला हवी होती, आणि ती आली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, ते वळेपर्यंत.

ऐंशीच्या पुढचा सुटातला माणूस केळीच्या बागेतून आपलं पान आपल्याच हातात धरून परत गेला. मरांगूत असं कुणी पाहिलं नव्हतं. कुंपणापलीकडच्या बायकांनी वाट सोडली, पण त्यांच्यातल्या एकीनंही त्यांना नमस्कार केला नाही. गॉडलिसन खुर्च्या गोळा करायला लागला, दोन उचलल्या, पुन्हा खाली ठेवल्या, आणि मग लॉजकडे निघून गेला.

"लेख कधी छापणार?" आईनं विचारलं.

"तू येऊ नकोस म्हणालीस..."

"ते मी म्हणाले. आता विचारतेय ते ऐक. कधी?"

"दोन-तीन महिन्यांत."

"त्यात लिही, त्यांना फूल आणायला कुणी पाठवलं ते."

"आई, शास्त्रीय लेखात असलं काही लिहीत नाहीत."

"मग कशाला शिकलीस एवढं?"

आइसिया मोशीला गेली आणि लेख पुन्हा लिहायला बसली. वंशावळ तीच राहिली, फक्त मधला आजा गेला. मींजाच्या नावाची जात रद्द. शेवटी तपासलेल्या नमुन्यांची नोंद द्यायची असते, तिथं तिनं लिहिलं: ‘पान अनाएली मींजा यांनी गोळा केलं, ओळख आणि उंचीची नोंद अचूक. फूल त्यांनी गोळा केलेलं नाही. त्या हंगामात माथ्यावरची झाडं फुललेली नाहीत, असं त्यांनी प्रोफेसर उरासा यांना सांगितलं होतं. तरीही फूल आणण्यासाठी त्यांना परत पाठवण्यात आलं, आणि त्या फेरीत त्यांचा मृत्यू झाला.’

संपादकाचं उत्तर आलं. लेख उत्तम आहे, पण शेवटची दोन वाक्यं वर्गीकरणाशी संबंधित नाहीत, ती काढावीत.

आइसियानं एकाच ओळीत कळवलं की ती खोटी जात वर्गीकरणात कशी शिरली याचं उत्तर त्या दोन वाक्यांतच आहे, ती काढायची असतील तर लेख परत पाठवा.

वाक्यं छापून आली.